कुष्ठाच्या मुलखात सिफिलिस ओळखताना

कामठ्याच्या आसपासचा चाळिशीतला एखादा माणूस कानाच्या पाळीवर, गालांवर आणि पाठीवर तांबूस गाठी घेऊन दवाखान्यात आला, तर डॉक्टरच्या मनात पहिलं नाव कुष्ठरोगाचं येतं. यायलाच हवं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा महाराष्ट्रातला कुष्ठरोगाचा जुना पट्टा आहे. इथल्या आशाताई घरोघरी जाऊन अंगावरचे चट्टे पाहतात, आणि त्यामुळे कित्येकांची बोटं वाकण्याआधीच औषध सुरू होतं. अडचण वेगळी आहे. अशाच गाठी, अशाच जागी, सिफिलिसही आणतो. आणि कुष्ठरोग ओळखण्याचा हात जितका बसलेला, तितका सिफिलिस नजरेतून सुटण्याचा धोका जास्त.

गुप्तांगावर न दुखणारी जखम, ती आपोआप भरून येणं, मग काही आठवड्यांनी अंगभर न खाजणारं पुरळ आणि त्यात तळहात-तळपायही सामील, हे सिफिलिसचं पाठ्यपुस्तकातलं चित्र. ते समोर असेल तर रक्ताची तपासणी पुरते. त्वचेचा तुकडा काढायची गरज नसते, आणि काढूही नये. प्रश्न येतो तो चित्र बिघडलेलं असतं तेव्हा. जखम कुणी पाहिलेली नसते, तळहात स्वच्छ असतात, गाठी मात्र भरपूर असतात. किंवा खपल्या सोरायसिससारख्या दिसतात, किंवा कडं गजकर्णासारखं उठतं, किंवा अंगावर पडलेले खोल व्रण पाहून क्षयाची शंका येते. अशा वेळी बायोप्सी आणि तिच्यावरच्या खास तपासण्या किती उपयोगी पडतात, कुठे तोकड्या पडतात, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात त्या कशा वापराव्यात, याचा हा आढावा.

सिफिलिसचा जंतू पहिल्यांदा सापडला तो रुग्णाच्या त्वचेतच, रक्तात नव्हे. पोर्तुगीजांच्या मागोमाग हा रोग हिंदुस्थानात आला असं मानलं जातं. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’त तो फिरंगरोग म्हणून येतो आणि त्यावर पारा व चोपचिनी सांगितलेली आहे. त्याच शतकात, १५६३ साली, गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथातही चोपचिनीची चर्चा आहे. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार करत असे. पुढची साडेतीनशे वर्षं रोग ओळखायचा तो नुसत्या डोळ्यांनी. १९०५ साली बर्लिनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ फ्रिट्झ शाउडिन आणि त्वचारोगतज्ज्ञ एरिख हॉफमन यांना एका रुग्ण स्त्रीच्या त्वचेवरच्या गाठीतून काढलेल्या द्रवात फिकट, मळसूत्री, सतत वळवळणारा जंतू दिसला. वासरमनची रक्तचाचणी आली ती त्यानंतर, १९०६ मध्ये. तुकड्यातले जंतू काळे करून दाखवणारी चांदीची प्रक्रिया लेव्हादितीने याच सुमारास बसवली, आणि आज प्रयोगशाळांतून जिचं नाव ऐकू येतं ती वॉर्थिन-स्टारी पद्धत १९२० ची. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी चार रुग्णांवर पेनिसिलिन वापरून पाहिलं आणि उपचाराचा प्रश्न जवळजवळ मिटला. उपचार सोपा झाला तसा निदानाचा सराव ढिला पडत गेला. आजच्या अनेक डॉक्टरांनी त्वचेवरचा सिफिलिस पुस्तकातच जास्त पाहिलेला असतो.

आजार मात्र गेलेला नाही. २०२२ या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८० लाख लोकांना नव्याने सिफिलिस झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, स्वतः फारसं विष सोडत नाही. त्वचेवर जे दिसतं ते बहुतांशी शरीराने त्याच्याशी केलेल्या झुंजीचं रूप असतं. झुंज कशी होते यावर रूप ठरतं, म्हणून एकाच आजाराची इतकी तोंडं. झुंज लांबली की चपट्या पुरळाच्या जागी टणक गाठी येतात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, विशेषतः एचआयव्हीची लागण असेल, तर गाठी मधोमध कुजून त्यावर शिंपल्यासारखी खपली धरते आणि ताप, अशक्तपणा सोबत येतो. हा घातक सिफिलिस. फ्रान्सच्या बाझँने एकोणिसाव्या शतकातच त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. इतर काही रुग्णांत चेहऱ्यावर, नाकाच्या कडेला कड्यांसारखे चट्टे उठतात. मोठ्या गाठीभोवती लहान गाठींचं कोंडाळं बसतं. डोक्यावरचे केस कुरतडल्यासारखे जागोजागी जातात, भुवयाही विरळ होतात. आणि भुवया विरळ होणं हे तर कुष्ठरोगाचं ठळक लक्षण, म्हणजे इथेही दोघांची गल्लत व्हायला जागा आहेच.

डोळ्यांनी फरक करता येतो का? बराचसा येतो. सिफिलिसच्या चट्ट्याला स्पर्श कळतो, कुष्ठरोगाच्या अनेक चट्ट्यांना कळत नाही. कोपराजवळची, मानेजवळची नस जाड झालेली असेल तर पारडं कुष्ठरोगाकडे झुकतं. कोपराच्या वर आतल्या बाजूला लहान गाठ हाताला लागली, तोंडात पांढरट चकंदळं दिसली, गुदद्वाराभोवती ओलसर चपटे फुगवटे असले, तर सिफिलिसकडे. पण गाठींच्या स्वरूपातल्या कुष्ठरोगात सुरुवातीला बधिरपणा नसूही शकतो, आणि तोंड उघडायला, कपडे काढायला सांगून पूर्ण अंग तपासणं गर्दीच्या ओपीडीत राहून जातं. त्यातच रुग्ण आमच्याकडे येण्याआधी मेडिकलमधून घेतलेली स्टेरॉइडची ट्यूब महिनाभर चोळून आलेला असतो. त्या ट्यूबने पुरळाची कड पुसली जाते, लाली उतरते, आणि जे उरतं ते कोणत्याच पुस्तकाशी जुळत नाही.

मग रक्त. इथे वाचकाला रास्त शंका येईल: रक्ताची साधी चाचणी गावाजवळ होत असताना तुकड्याच्या भानगडीत पडायचं कशाला? पहिली तपासणी रक्ताचीच, याबद्दल दुमत नाही. शंका आली की त्याच दिवशी व्हीडीआरएल किंवा आरपीआर आणि सोबत एचआयव्ही. पण पूर्व विदर्भात रक्ताचा निकाल तीन ठिकाणी अडतो, आणि या तीन जागा नीट समजून घेतल्या तर तुकड्याचं काम आपोआप कळतं.

पहिली जागा कुष्ठरोगाचीच. व्हीडीआरएल जंतू शोधत नाही. कार्डिओलिपिन नावाच्या, प्राण्याच्या हृदयातून मिळणाऱ्या स्निग्ध पदार्थाविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं आहेत का ते पाहते. अशी प्रतिपिंडं सिफिलिसमध्ये तयार होतात, पण इतर काही आजारांतही होतात, आणि गाठींचा कुष्ठरोग हे त्यातलं जुनं, पक्कं उदाहरण आहे. म्हणजे कानावर गाठी आणि व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, एवढ्यावर सिफिलिस म्हणता येत नाही. असा खोटा निकाल सहसा कमी पातळीवर, १:८ च्या आत, राहतो; पातळी १:६४ असेल तर गोष्ट वेगळी. खातरजमेसाठी टीपीएचए करतात, ती खुद्द जंतूविरुद्धची प्रतिपिंडं मोजते.

दुसरी जागा तिथेच आहे. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की सहसा जन्मभर तशीच राहते. वीस वर्षांपूर्वी उपचार झालेल्या माणसाला आज कुष्ठरोग झाला तर त्याच्या टीपीएचएने आजच्या गाठींबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि आदिवासी पट्ट्यात आणखी एक जुना हिशेब आहे, यॉजचा. यॉजचा जंतू सिफिलिसच्या जंतूचा सख्खा भाऊ. तो लहान मुलांत त्वचेच्या संपर्कातून पसरतो आणि त्याचा लैंगिक संबंधांशी काही संबंध नसतो. १९९६ मध्ये ओडिशातल्या कोरापूटपासून सुरू झालेला निर्मूलन कार्यक्रम पुढे महाराष्ट्रासह दहा राज्यांत नेला गेला, २००३ नंतर रुग्ण सापडला नाही, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त असल्याचं मान्य केलं. पण लहानपणी यॉज होऊन गेलेल्या सत्तरीतल्या आजीच्या रक्तात त्या दोन्ही चाचण्या आजही पॉझिटिव्ह येऊ शकतात. तिला सिफिलिस आहे असं तिच्या मुलांसमोर सांगणं हा अन्याय होईल.

तिसरी जागा उलटी आहे: रोग जोरात, पण व्हीडीआरएल निगेटिव्ह. प्रतिपिंडं अतिशय जास्त झाली की चाचणीतल्या कणांचं जाळं बनत नाही आणि निकाल फसतो. हे शंभरात एक-दोनदा किंवा त्याहूनही कमी वेळा घडतं, पण घडतं ते नेमकं भरपूर गाठी असलेल्या, एचआयव्ही असलेल्या, अवघड रुग्णांत. उपाय अगदी साधा, तेच रक्त पातळ करून पुन्हा लावायचं. टेक्निशियनला फोन करून तसं सांगावं लागतं, इतकंच.

ज्या रुग्णात दिसणं एक सांगतं आणि रक्त दुसरं, त्या रुग्णात तुकडा काढायचा. हे मी ठामपणे म्हणतो, कारण उलट्या दोन्ही टोकांच्या चुका सारख्याच महाग आहेत. कुष्ठरोग समजून सिफिलिसवर वर्षभर बहुविध औषधांच्या पट्ट्या चालू ठेवल्या तर गाठी कदाचित आपोआप जातील आणि औषधाने गुण आला असं वाटेल. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यातलं पुरळ उपचाराविनाही मावळतं. रोग मात्र आतच राहतो, बायकोला गेलेला असतो, आणि डोळे, कान, मेंदू, महारोहिणी इथवर पोचायला मोकळा असतो.

तुकडा काढणं म्हणजे मोठी शस्त्रक्रिया नव्हे. सगळ्यात नवी, औषध न लागलेली गाठ निवडायची. व्रण असेल तर त्याची कड घ्यायची, मधला कुजका भाग नाही. त्वचा बधिर करून ४ मिलिमीटरचा गोल पंच फिरवत खाली चरबीपर्यंत न्यायचा. तुकडा चिमट्याने दाबून उचलायचा नाही, सुईच्या टोकाने अलगद वर घ्यायचा, कारण दाबला की पेशी चेंगरतात आणि चेंगरलेल्या पेशी पुढे कुणालाच वाचता येत नाहीत. लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहा पट द्रव असलेल्या बरणीत टाकायचा. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्याला बर्फ लागत नाही. वैशाखातल्या गोंदियात ही लहान गोष्ट नाही: बरणी घट्ट बंद करून, नाव-तारीख लिहून गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरच्या नागपूरला नेली तरी आतलं काही बिघडत नाही. आणि हे सगळं पेनिसिलिन देण्याआधी. इंजेक्शननंतर दिवसभरातच त्वचेतले जंतू दिसेनासे होतात. आधी कुणी खोकल्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सीसायक्लिन दिलं असेल तर तेही विचारून कागदावर लिहायचं.

प्रयोगशाळेत तुकडा मेणात बसवतात आणि काही मायक्रॉन जाडीचे काप घेऊन नेहमीचे जांभळा-गुलाबी रंग चढवतात. या साध्या स्लाइडवरच निम्मं काम व्हायला हवं. सिफिलिसमध्ये वरच्या थराची खाली उतरलेली टोकं चिखलातून उपटलेल्या भाताच्या रोपाच्या मुळ्यांसारखी बारीक आणि लांब होतात. वरच्या आणि खालच्या थरांच्या सीमेवरच्या पेशींत पोकळ्या पडतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंती फुगतात, आणि त्यांच्याभोवती लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींचं कोंडाळं जमतं. प्लाझ्मा पेशी ओळखायला सोप्या: अंडाकृती देह, बाजूला सरकलेलं केंद्रक, त्यात घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखे ठिपके. गाठींच्या कुष्ठरोगाचं दृश्य वेगळं. तिथे वरच्या थराखाली एक मोकळी पट्टी असते आणि तिच्याखाली फेसाळ पेशींची रांग, आणि फाइट रंग दिला की त्या पेशींत लालभडक दंडाणूंचे जुडगे दिसतात. इतके दंडाणू दिसले तर शंका उरत नाही.

पण प्लाझ्मा पेशींवर फार भिस्त ठेवणं धोक्याचं. सिफिलिसच्या सुमारे पाव नमुन्यांत त्या नसतात किंवा मोजक्याच असतात. उलट ओठ, गुप्तांग, टाळू इथे कोणत्याही दाहात त्या भरपूर येतात, त्यामुळे तिथे त्यांची साक्ष हलकी. बिहार-झारखंडकडून आलेल्या मजुराच्या गाठींत त्या काळाआजारानंतरच्या त्वचारोगामुळेही असू शकतात. आणि सिफिलिस जुना होत गेला की त्यात क्षयासारखे, क्षयरोगाभ कुष्ठासारखे पेशींचे गोळे तयार होतात. अशा गोळ्यात प्लाझ्मा पेशी दिसल्या आणि फाइट व क्षयाचे रंग दोन्ही निगेटिव्ह आले, की पॅथॉलॉजिस्टने सिफिलिसचं नाव घ्यायलाच हवं.

मग जंतू प्रत्यक्ष दाखवायचा प्रयत्न. वॉर्थिन-स्टारीमध्ये चांदीचे कण जंतूच्या अंगावर बसतात आणि तो पिवळसर पार्श्वभूमीवर काळा, नागमोडी दिसतो. ऐकायला सोपं, करायला कमालीचं लहरी. काचेची भांडी निष्कलंक हवीत, तापमान आणि आम्लता नेमकी हवी, आणि रंग कधी थांबवायचा हे टेक्निशियनच्या डोळ्यावर. थोडं जास्त झालं तर सगळंच काळं. त्यात चांदीला त्वचेतले धागेही आवडतात आणि मेलॅनिनही. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिनचे कण आणि रंगपेशींचे लांबट हात असतात, आणि सिफिलिसचा जंतू बहुतेकदा नेमका तिथेच असतो. एक काळी वळणदार रेघ जंतू आहे की रंगपेशीचा हात, यावर अनुभवी माणसंही अडतात. युरोपातल्या गोऱ्या त्वचेवर ठरलेला भरवसा इथे तसाच धरता येत नाही.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने ही गाठ बरीच सोडवली. तिच्यात सशाकडून मिळवलेली, ट्रेपोनेमाविरुद्धची प्रतिपिंडं कापावर सोडतात. ती जंतूला चिकटतात आणि त्यांच्यामागून रंग येतो. जंतू संपूर्ण लांबीने, वळणावळणाने उठून दिसतो. कधी वरच्या थराच्या तळाशी दाट जाळीच्या जाळी दिसतात, कधी रक्तवाहिनीभोवती दोन-चारच. चांदीपेक्षा ती खूपच जास्त रुग्णांत जंतू पकडते, हे गेल्या दोन-अडीच दशकांतल्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. आपल्यासाठी एक बारकावा महत्त्वाचा: बहुतेक प्रयोगशाळा तपकिरी रंग वापरतात, आणि मेलॅनिनही तपकिरी. प्रयोगशाळेला आधीच कळवून लाल रंग मागितला तर सावळ्या त्वचेत जंतू आणि मेलॅनिन वेगळे ओळखता येतात.

तिच्या मर्यादाही माहीत हव्यात. ही प्रतिपिंडं निवडक नसतात. इतर मळसूत्री जंतूंनाही चिकटतात. तोंडात आणि गुदद्वाराजवळ निरुपद्रवी मळसूत्री जंतू राहतातच, म्हणून तिथल्या तुकड्यावरचा पॉझिटिव्ह निकाल रक्ताशी ताडूनच घ्यायचा. यॉज आणि सिफिलिस यांतला भेद ती करू शकत नाही. आणि रोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या ‘गमा’ नावाच्या गाठींमध्ये जंतू इतके तुरळक असतात की निकाल बहुधा निगेटिव्ह येतो. तिथे तुकडा, रक्त आणि पेनिसिलिनला मिळालेला गुण यांची सांगड घालूनच निदान करावं लागतं. शिवाय ही तपासणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते, खर्चीक आहे, आणि सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाला ती खिशातून करावी लागली तर तो परत येणार नाही. म्हणून ती प्रत्येक तुकड्यावर मागू नये. साध्या स्लाइडवर शंका आली आणि रक्ताने ती मिटली नाही, तरच.

पीसीआर जंतूचा डीएनए शोधते. ओल्या व्रणावरचा स्वॅब तिच्यासाठी उत्तम. कोरड्या गाठीतून ताजा तुकडा लागतो, आणि तो थंड ठेवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचे तुकडे पडतात, त्यामुळे मेणातल्या ब्लॉकवर ती कमी विश्वासाची होते. तिचा एक फायदा इतर कशातच नाही: यॉज की सिफिलिस हे ती जनुकांवरून सांगू शकते, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद न देणारा जंतूही ओळखू शकते. जंतूचा पूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये उलगडला गेला म्हणून हे शक्य झालं. प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याला दीर्घकाळ वाढवणं मात्र २०१८ मध्ये कुठे जमलं. साध्या माध्यमावर तो आजही वाढत नाही, म्हणून क्षयासारखं ‘कल्चर’ मागण्यात अर्थ नाही.

इतक्या तपासण्या सांगून झाल्यावरही माझ्या मते सगळ्यात निर्णायक गोष्ट कागदाची आहे. बायोप्सीच्या बरणीसोबत जाणाऱ्या फॉर्मवर संभाव्य निदानाची एक ओळ असते. तिथे नुसतं ‘कुष्ठरोग?’ लिहिलं की पॅथॉलॉजिस्ट फाइट रंग करतो, दंडाणू दिसत नाहीत, आणि अहवाल येतो: अविशिष्ट दाह, क्लिनिकल माहितीशी पडताळून पाहा. त्या अहवालाचा कुणालाच उपयोग नाही. तिथेच ‘कुष्ठरोग? सिफिलिस?’ असे दोन शब्द असते, सोबत व्हीडीआरएलची पातळी, बधिरपणा आहे की नाही, आधी घेतलेली प्रतिजैविकं आणि गाठी किती दिवसांच्या, हे लिहिलेलं असतं, तर तोच माणूस प्लाझ्मा पेशी शोधतो, आणखी खोल काप घेतो, खास रंगांसाठी ब्लॉक बाजूला ठेवतो. ऊतकाला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर ते देतं. महाराष्ट्राला याची परंपरा आहे. डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी मुंबईत कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांचे तुकडे बारकाईने तपासले आणि नसांतल्या बदलांकडे जगाचं लक्ष वेधलं, ते नेमके प्रश्न घेऊन मायक्रोस्कोपला डोळा लावल्यामुळेच.

दुसऱ्या बाजूला रुग्णालाही नेमका प्रश्न विचारणं आहे. लैंगिक संबंधांचा इतिहास विचारताना डॉक्टरच जास्त अवघडतात. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते आणि अशा विषयांवर मराठीत स्वच्छ शब्दांत लिहीत होते; आपण अजून तिथवर पोचलेलो नाही. कामासाठी हैदराबाद-नागपूरकडे राहून आलेल्या माणसाला त्याच्या बायको-भावासमोर हे विचारलं तर तो नाहीच म्हणणार. लैंगिक आजारांसाठीच्या सुरक्षा क्लिनिकमधले समुपदेशक त्याच कामासाठी आहेत. ‘इतिहास नाही’ असं केसपेपरवर लिहिलं की बहुतेकदा त्याचा अर्थ एकांतात विचारलं नाही, एवढाच असतो.

निदान पक्कं झालं की उपचार जवळजवळ अविश्वसनीय वाटावा इतका सोपा आहे. सुरुवातीच्या काळातल्या सिफिलिसला २४ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन. जुना असेल किंवा किती जुना ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. राष्ट्रीय कार्यक्रमात व्रणांसाठीच्या पांढऱ्या किटमध्ये हेच पेनिसिलिन असतं. पहिल्या दिवशी ताप येऊन पुरळ भडकतं, ते मरणाऱ्या जंतूंमुळे; रुग्णाला आधी सांगून ठेवलं नाही तर तो त्याला औषधाची रिअ‍ॅक्शन समजतो आणि पुढची इंजेक्शनं घेत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सीसायक्लिन, गरोदर स्त्रीला मात्र पेनिसिलिनच, गरज पडल्यास रुग्णालयात अ‍ॅलर्जी उतरवून. नवऱ्याच्या गाठींचं निदान लांबलं त्या महिन्यांत बायको गरोदर असेल तर पोटातल्या बाळापर्यंत जंतू जातो. मृत जन्म, हाडांचे विकार, बहिरेपणा. गरोदरपणाच्या नोंदणीत एचआयव्हीसोबत सिफिलिसची तपासणी करतात ती यासाठीच, आणि ती पॉझिटिव्ह आली की नवऱ्याची त्वचा दिव्याखाली पूर्ण पाहावी. उपचारानंतर व्हीडीआरएलची पातळी सहा ते बारा महिन्यांत किमान चौपटीने उतरायला हवी, १:६४ होती तर १:१६ किंवा त्याखाली. ती उतरली नाही तर एचआयव्ही, मेंदूतला प्रसार आणि पुन्हा झालेली लागण, तिन्ही शोधायचं.

पूर्व विदर्भापुरतं एक काम लगेच करता येण्यासारखं आहे. मेणातले ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात. नागपूर-गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या पॅथॉलॉजी विभागांनी गेल्या काही वर्षांतले, कुष्ठरोगाच्या शंकेने आलेले पण दंडाणू न सापडलेले आणि प्लाझ्मा पेशी असलेले ब्लॉक बाहेर काढावेत आणि त्यांच्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करून पाहावी. संख्या फार निघेल असं नाही. पण जे निघतील त्या रुग्णांना गाठून त्यांचं आणि त्यांच्या जोडीदारांचं रक्त तपासता येईल. ते काम समुपदेशकानेच करावं, घरी निरोप न धाडता, आणि बोलावण्याच्या कागदावर रोगाचं नाव न लिहिता.